सीडीच्या लेबलावरचे नाना

बसा. चहा आधी संपवा, कारण मधेच हसलात तर सांडेल आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.

चुका कोण करत नाही हो? कोणी अबुधाबीला जाताना चुकीचा एक्झिट घेतो आणि अर्धा तास वाळवंट बघून परत येतो. कोणी बायकोला लिहिलेला मेसेज बॉसला पाठवतो. पण मी जो घोळ घातला ना, त्यापायी त्या दिवशी सांगलीत तीन घरांत चूल पेटली नाही. आणि घोळ कशाचा? तर एका पीडीएफचा!

आधी माणसं सांगतो. नाना म्हणजे माझे सासरे, वसंतराव. सांगलीला बँकेत होते, हेडकॅशियर म्हणून रिटायर झाले. पण बँक नुसती पगारापुरती, खरं काम गाण्याचं. भैरवी गावी तर वसंतरावांनी, असं सगळी सांगली म्हणते. सगळी म्हणजे एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे आपटे. पेटी वाजवतात. गेली चाळीस वर्षं दर रविवारी बैठक होते. नाना गातात, आपटे साथ करतात. भैरवी संपली की लोक वाहवा करतात आणि नाना हळूच आपट्यांकडे बघतात. आपटे शांतपणे पेटी मिटतात, रुमालानं पुसतात आणि म्हणतात, "चला. उशीर झाला."

बस! चाळीस वर्षांत एक 'छान' नाही. 'बरं झालं आज' एवढंसुद्धा नाही.

तर नाना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे दुबईला आले होते. त्यांची पंचाहत्तरी इथेच यायची होती. मी विचारलं, "नाना, भेट काय देऊ?"

"माझ्या भैरव्यांची सीडी काढून द्या."

"सीडी? नाना, हल्ली सीडी कोण ऐकतं? यूट्यूबवर टाकू ना."

"आपटे ऐकतो. त्याच्याकडे प्लेयर आहे," नाना म्हणाले. "आणि यूट्यूबवरचं माणूस अर्धं ऐकून पुढे जातो, जावईबापू. सीडी कोणी हातात ठेवली की तिच्याबद्दल दोन शब्द बोलावे लागतात."

आता आलं ना लक्षात? सगळा खटाटोप आपट्यांच्या दोन शब्दांसाठी होता. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, नातवंडं झालेली, आणि अजून एका पेटीवाल्याच्या तोंडाकडे बघतोय. मला खरंच वाईट वाटलं.

आणि खोटं कशाला बोलू, माझाही स्वार्थ होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नाना मला 'अहो जावईबापू' म्हणतात. पण त्या 'अहो'त मान किती आणि 'हा काय दिवे लावणार' किती, हे मला अजून कळलेलं नाही. म्हटलं, ही सीडी अशी काढू की नानांनी आपणहून पाठ थोपटली पाहिजे.

रेकॉर्डिंग उत्तम झालं. करामाला एका छोट्या स्टुडिओत नानांनी आठ भैरव्या गायल्या, रेकॉर्डिंगवाला पठाण शेवटी डोळे पुसत होता. राहिलं काय? सीडीवर छापायचं लेबल.

माझी बायको मेधा म्हणाली, "सुहास, कोणाला तरी पैसे देऊन करून घे."

"अगं, सबमिशन हा माझा धंदा आहे!"

खोटं नाही ते. जुमेरा लेक टॉवर्सला आमचं ऑफिस आहे, तिथे मी टेंडर भरतो. चारशे पानांचं टेंडर असतं. क्लायंटनं घातलेली एकेक अट वाचायची, एका तक्त्यात लिहायची आणि पुढे लिहायचं, 'कंप्लाइड'. म्हणजे अट पाळली. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. अठरा वर्षांत माझी एक फाइल परत आलेली नाही. मग एवढीशी गोल सीडी ती काय!

अल क्वोजला गोडाउनांच्या मधे एक प्रेस सापडला, अजून सीडी छापणारा. तिथे फाइल बघायचं काम शाजी करायचा. केरळचा, पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. मी त्याला पहिली फाइल पाठवली. लगेच फोन.

"सर, ये क्या भेजा?"

"डिझाइन है."

"सर, पावरपॉइंट है. पावरपॉइंट में सीडी नहीं छपता."

"अच्छा. और कुछ?"

"सर, अंकल का नाक में होल आ रहा है."

बघितलं तर खरंच! मी नानांचा फोटो बरोब्बर मधे ठेवला होता आणि सीडीला मधे भोक असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नानांचं नाक गायब, वर डोळे, खाली मिशी. शाजीनं बिचाऱ्यानं मला त्यांचा नकाशा पाठवला. मधे गुलाबी गोल, त्यात काही ठेवायचं नाही. कडेला तीन मिलिमीटर रंग बाहेर सोडायचा, कारण कापताना इकडेतिकडे होतं. फोटो मोठा हवा. अक्षरांचं चित्र करून द्यायचं, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठीचे डबे उमटतात. आणि पांढरं जिथे असेल तिथे आधी पांढरी शाई मारायला सांगायचं, नाहीतर खालची चांदी दिसते आणि नानांचे केस स्टीलचे वाटतात.

वा! अटी! माझा जीव हरखला. मी ताबडतोब तक्ता केला. एकूण अकरा रकाने.

डिझाइनला माझी मुलगी रिया बसली. नववीत आहे, इथेच जन्मलेली. नानांचा फोटो वर सरकवला, म्हणजे नाक वाचलं. खाली नाव घातलं. मग रिया म्हणाली, "बाबा, साइड्स आर सो एम्प्टी. पुट सम फ्लॉवर्स."

आहेच की! पंचाहत्तरी आहे, शुभकार्य आहे. रियानं झेंडूचा एक सुंदर हार शोधला. तो फोटोच्या वरून घेतला आणि दोन्ही बाजूंनी खाली सोडला, भोकाला वळसा घालून. अगदी मापात बसला. तरी खाली दोन कोपरे राहिले, तिथे मी दोन समया ठेवल्या. पेटवलेल्या.

मग वर्षं. आमच्या कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना कॉफीचे मग वाटले होते, त्यावर छापलं होतं स्थापनेचं साल, मग आडवी रेघ, मग चालू साल. मला ते फार भारदस्त वाटलं होतं. नानांच्या नावाखाली मी तसंच टाकलं. जन्मसाल, आडवी रेघ, चालू साल. कंपनी अजून चालू आहे, हे मी सांगायला नको.

सीडीचं नाव नानांनीच दिलं होतं, 'भैरवी'. आणि सगळ्यात खाली, कोणातर्फे ते लिहायला हवं ना? एकेकाचं नाव लिहायला जागा नव्हती. म्हणून लिहिलं, 'समस्त कुटुंबीय'.

हसताय काय? तुम्ही आत्ता ऐकताय म्हणून तुम्हाला दिसतंय. माझं सगळं लक्ष त्या भोकाकडे होतं! मी स्क्रीनवर पट्टी लावून मिलिमीटर मोजत होतो. अकराच्या अकरा रकान्यांपुढे 'कंप्लाइड' लिहिलं. माणूस जिवंत दिसतो का, असा रकाना त्यात नव्हता.

"हाउ इज इट?" मी रियाला विचारलं.

"लुक्स कूल, बाबा."

मंगळवारी फाइल घेऊन मी स्वतः अल क्वोजला गेलो. म्हटलं समोरासमोर बोललं की भाव उतरतो. शाजीनं स्क्रीनवर फाइल उघडली. बराच वेळ बघत राहिला. मग उठला, मला खुर्ची दिली, सुलेमानी म्हणजे बिनदुधाचा चहा मागवला.

"सर, कब तक चाहिए?"

"जल्दी. इसी हफ्ते." अर्जंटचे दीडशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार रुपये, होतात हे मला माहीत होतं. मी पवित्रा घेतला. "लेकिन अर्जंट चार्ज मैं नहीं दूँगा."

"कैसा बात करते हो सर," शाजी म्हणाला. "ऐसे काम का अर्जंट चार्ज कौन लेता है? आपका पहले करेंगे. बाकी सब रुकेगा."

मी थक्क! इतक्या सहज तर आमचा सिमेंटवालासुद्धा वाकत नाही. निघताना शाजी दारापर्यंत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिम्मत रखो सर."

मला वाटलं, छपाईबद्दल म्हणतोय. घरी येऊन मी मेधाला सांगितलंसुद्धा, "निगोशिएशन कसं करायचं असतं बघ. माणूस वर चहा पाजतो."

पुढे गुरुवारी मला अबुधाबीला एका तेल कंपनीत मीटिंग होती. गेटपाशी पोहोचलो आणि शाजीचं प्रूफ आलं, म्हणजे छापण्याआधी दाखवायचा नमुना. खाली लिहिलं होतं, 'सर, फोटो ब्लॅक अँड व्हाइट किया, अच्छा लगता है. ओके बोलो.' मी बघितलं. भोक नाकावर आहे का? नाही. हार कापला गेलाय का? नाही. फोटोही जुन्या रेकॉर्डवर असतो तसा झोकदार दिसत होता. 'ओके, प्रिंट,' मी लिहिलं.

आणि आता राहवेना. सांगलीचा एक ग्रुप आहे, नानांच्या पुतण्यानं केलेला. त्यात सगळे नातेवाईक आहेत, रविवारच्या बैठकीतले लोक आहेत, आपटे आहेत, स्वतः नाना आहेत. म्हटलं सगळ्यांनी बघू दे जावयाचं काम! चित्र टाकलं. खाली लिहिणार होतो, 'नानांची सीडी तयार!' पण त्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. गार्ड हात पुढे करून उभा. "मोबाइल, सर. मोबाइल. यल्ला!"

लिहायला वेळच नव्हता. घाईत दोन हात जोडलेले टाकले आणि फोन दिला.

म्हणजे बघा. काळापांढरा फोटो. त्याला हार. दोन समया. जन्मसाल, रेघ, चालू साल. भैरवी. समस्त कुटुंबीय. आणि खाली जावयाचे जोडलेले हात. आता मला सांगा, सांगलीतल्या माणसानं काय समजायचं?

मीटिंग चालली चार तास. बाहेर आलो, फोन घेतला, तर हातात धरवेना इतका तापला होता. मिस्ड कॉल तर विचारूच नका. ग्रुप उघडला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ॐ शांती.' 'नाना गेले यावर विश्वास बसत नाही.' 'आजच सकाळी त्यांची आठवण काढली होती.' एका मावसभावानं 'अभिनंदन नाना!' लिहिलं होतं. अख्ख्या ग्रुपमध्ये तेवढा एक बरोबर होता. त्याला सगळ्यांनी मिळून झापलं होतं आणि त्यानं माफी मागितली होती.

आणि मला काय वाटलं असेल? माझ्या लेबलामुळे हे झालंय, असं? छे! मला वाटलं, नाना गेले! सकाळी मी निघालो तेव्हा पोहे खात होते, लिंबू मागत होते, आणि चार तासांत गेले!

पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि खरंच रडू आलं. सीडी हातात पडायच्या आधी गेला माणूस. आपट्यांचं एक 'छान' न ऐकता गेला. मी मेधाला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. इतक्यात शाजीचा फोन.

"सर, सीडी रेडी है. आप फिकर मत करो, तेरवीं के पहले घर पहुँचा देंगे. मेरा भी फादर पिछले साल गया सर. मालूम है कैसा लगता है."

मी डोळे पुसले. मग थबकलो. सांगलीला आज कळलं, मला आत्ता कळलं, आणि अल क्वोजला आधीच?

"शाजी, तुमको किसने बताया?"

"आपने सर."

"मैंने? कब?"

"मंगलवार को, सर. अंकल का फोटो दिया ना आपने. माला डाल के."

मंगळवार! नाना मंगळवारी रात्री जेवून वर दोन आंबे खाऊन झोपले होते! मी फोन ठेवला, ग्रुपवर वर वर गेलो, ते चित्र उघडलं आणि पहिल्यांदा भोक सोडून बाकीचं बघितलं.

अंगाला दरदरून घाम फुटला. एसी चालू होता.

घरच्या फोनवर लावलं. रियानं उचलला. "रिया, नाना? नाना कुठे आहेत?"

"ही इज हिअर, बाबा. ही इज फाइन. लाइक, सुपर हॅपी. बट लिसन, डोन्ट..."

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. जिवंत आहेत! देवा, जिवंत आहेत! आता एक क्षण दवडायचा नाही. सगळी सांगली रडतेय, कोणी तिकीट काढत असेल, कोणी पेपरात द्यायला निघाला असेल. चूक झाली की ताबडतोब खुलासा पाठवायचा, ही आमच्या टेंडरची शिस्त. मी ग्रुपवर टाइप केलं, 'सर्वांना कळवण्यात येते की नाना सुखरूप आहेत. वरील चित्र सीडीच्या लेबलाचे असून गैरसमजाबद्दल क्षमस्व. सुहास.' पाठवलं. मग हुश्श केलं आणि गाडी सुरू केली. दीड तास रस्ताभर मी स्वतःशीच म्हणत होतो, चूक केली खरी, पण निस्तरली मर्दासारखी.

घरी मेधानं दार उघडलं. तिचा चेहरा बघून मी दोन पावलं मागे सरकलो.

"नाना ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. आत ये. आणि काही बोलू नकोस."

मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. सकाळी पहिला फोन मिरजेच्या मामांचा आला, 'मेधा, धीर धर.' हिनं विचारलं, 'कशासाठी?' मग हिनं ग्रुप बघितला आणि किंचाळली. नाना खोलीतून चष्मा लावत आले. त्यांनी स्वतःच्या सगळ्या श्रद्धांजल्या सावकाश वाचल्या. कोणी लांब लिहिलंय, कोणी नुसतेच हात जोडलेत, ते बघितलं. मेधा खुलासा लिहायला गेली, तर नानांनी तिचा हात धरला.

"थांब. आपटे अजून काही बोललेला नाही."

"नाना, लोक रडतायत तिकडे!"

"रडू देत तासभर. मी त्यांच्याकडे चाळीस वर्षं गणपतीत फुकट गायलोय."

शेवटी मेधानं मामांना आणि जी तीन घरं जेवायची थांबली होती त्यांना खासगीत फोन करून खरं सांगितलं आणि ग्रुपवर गप्प बसायला लावलं. आणि नाना फोन हातात घेऊन सोफ्यावर बसले. तास गेला, दोन गेले. जेवले नाहीत. दुपारी एकदाचा आपट्यांचा मेसेज आला. एकच ओळ. 'वसंताच्या भैरवीबद्दल आज खरं ते सांगतो.'

आणि खाली दिसायला लागलं, आपटे टाइप करत आहेत.

नानांनी पंखा बंद करायला लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आपटे टाइप करतायत. मधे थांबायचे, पुन्हा सुरू. एका बोटानं टाइप करणारा म्हातारा माणूस, चाळीस वर्षांचं साठलेलं बाहेर काढतोय! रिया, मेधा, नाना, तिघं त्या फोनवर वाकलेले. वीस मिनिटं झाली. नाना पुटपुटत होते, "लिही बाबा. लिही."

आणि त्या क्षणी ग्रुपवर मेसेज आला. 'सर्वांना कळवण्यात येते की नाना सुखरूप आहेत.'

आपट्यांचं टायपिंग थांबलं. एक मिनिट काहीच नाही. मग त्यांची ती एक ओळसुद्धा गेली. तिथे 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं आलं.

"मग?" मी मेधाला विचारलं. "काहीच नाही लिहिलं त्यांनी?"

"लिहिलं ना. 'बरं. तब्येतीला जपा.'"

मी आत गेलो. नाना खिडकीपाशी बसले होते, खाली तळ्यातल्या होड्या बघत. शाजीनं तोवर खोकं पोहोचवलं होतं, शंभर सीडी. एक नानांच्या मांडीवर होती. मी समोर उभा राहिलो, मान खाली घालून.

"नाना, चुकलं माझं. हे सगळं मी पुन्हा छापून आणतो."

"कशाला?" नाना म्हणाले. "फोटो चांगला आलाय. खोकं माळ्यावर ठेवा, कधीतरी लागेलच."

"नाना, मला खरंच माफ करा. मी तुम्हाला..."

नानांनी हातानंच मला थांबवलं. चष्मा काढला, पुसला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मला मारलंत, त्याचं काही नाही, जावईबापू. तो छपाईचा घोळ. पण पाच मिनिटं थांबवलं नाही तुम्हाला? जिवंत करायची एवढी काय घाई होती?"